‘नाई’ म्हणणारी मावशी

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नर्सेसनी माझं नाव ‘भिवापुरी’ ठेवलं आहे. भिवापूरच्या मिरचीचा तिखटपणा आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हे नाव मला कपडे बदलायच्या खोलीच्या दाराआडून ऐकू आलं, आणि खरं सांगते, राग आला नाही. उलट जरा बरंच वाटलं.

वर्ध्याजवळच्या एका रुग्णालयात मी नर्सेसना केमोथेरपी कशी द्यायची ते शिकवते. लहान लहान दवाखान्यांतून मुली थोड्या दिवसांसाठी येतात. आधी रबरी हातावर सराव, आणि सिरिंजमध्ये लाल रंगाचं पाणी. लाल मुद्दामच, कारण आमचं एक औषध तसंच लालभडक असतं. ते शिरेत गेलं तर औषध, शिरेबाहेर मांसात झिरपलं तर निखारा. कातडी काळी पडते, बोटं आखडतात. म्हणून ते हळूहळू द्यायचं, शेजारी बसून. मधूनमधून सिरिंज किंचित मागे ओढून रक्त येतंय ना ते बघायचं. रुग्णाचा हात उघडा ठेवायचा आणि त्याला सारखं विचारायचं, दुखतं का, आग होते का. या औषधाला माफी ठाऊक नाही, तर मी तरी का देऊ, असा माझा खाक्या होता. मी रागावले म्हणजे मुलगी आयुष्यभर चुकणार नाही, यावर माझा देवावर असावा तसा विश्वास होता.

त्या हिवाळ्यात पवनारहून एक मावशी यायच्या. पन्नाशीच्या, काटक, बोलक्या. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे डाव्या हाताला सुई लावायची नाही, जड काम करायचं नाही. धाम नदीच्या काठाला त्यांचं शेत. मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे तुमच्या पुण्याकडची कोथिंबीर. जुड्या बांधायचं काम मावशींचं. पहिल्याच दिवशी त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला होता.

“एक हात तं गेला कामातून. आता हाच हाये माहा. याले सांभाळजा, बाई.”

मी म्हटलं, “सांभाळू.” इतकं सहज म्हटलं.

तिसऱ्या खेपेला मी त्यांच्याजवळ आर्वीकडची एक मुलगी दिली. रबरी हातावर तिचं काम सगळ्यांत स्वच्छ होतं. पण खरी शीर बघून ती बावरली आणि पहिली सुई चुकली. मावशींच्या हातावर रक्ताचा थेंब आला. मी तिथंच सुरू झाले.

“रबराला नीट टोचतेस आणि जिवंत माणसाला भोसकतेस होय गं? सुई धरवत नसेल तर घरी जा, कांदे चीर!”

अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी मान खाली घातली. मुलीचे कान लाल झाले. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या मनगटावर थोपटलं.

“असू दे वं माय,” त्या तिला म्हणाल्या, “माही शीरच चोर हाये.”

दुसऱ्यांदा सुई बरोबर बसली. रक्त मागे आलेलं मी स्वतः पाहिलं. लाल औषध सुरू झालं आणि मी शेजारच्या खाटेवर दुसऱ्या मुलीच्या मागे लागले. तिथून मला ऐकू येत होतं.

“मावशी, दुखते काय?”

“नाई.”

“आग होते काय?”

“नाई वं.”

एकदा मी मान वळवली तेव्हा मावशींनी हातावर पदर ओढून घेतलेला दिसला. हात उघडा हवा हा नियम माझाच. पण हिवाळ्याचे दिवस होते, थंडी वाजत असेल, आणि त्या तर ‘नाई’ म्हणतायत, असं वाटून मी पुन्हा पाठ फिरवली. ही पाठ मी का फिरवली, हे मी स्वतःला अजून विचारते.

थोड्या वेळानं मागून इतक्या बारीक आवाजात “मॅडम” ऐकू आलं की मला ते तिसऱ्या हाकेलाच कळलं असावं. मुलीनं सिरिंज थांबवली होती आणि पदर बाजूला केला होता. मावशींच्या मनगटाच्या वर, सुईभोवती, लाल टरटरून फुगवटा आला होता. आजवर असा हात मी फक्त शिकवायच्या फोटोंत दाखवत आले होते.

हात मात्र सवयीनं चालले. सुई न काढता तिच्यातूनच जमेल तेवढं औषध परत ओढलं, बर्फाची पिशवी ठेवली, हात उशीवर उंच केला, डॉक्टरांना बोलावलं. ते आले, त्यांनी पुढचे उपचार सुरू केले. श्वास घ्यायला जरा उसंत मिळाली आणि मी वळले, अर्थात त्या मुलीकडेच.

“तुला विचारायला शिकवलं होतं ना?”

“विचारलं मॅडम. दर वेळी विचारलं.”

खरंच होतं. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मग मी मावशींवर घसरले. “दुखत होतं तं सांगितलं काऊन नाई, मावशी?”

त्यांना वेदना होत होत्या, तरी आवाज शांत होता.

“आग तं कवाचीच होऊन राह्यली होती. पण तुम्ही तिले आताच एवढं बोल्ल्या. म्या दुखते म्हटलं असतं तं पुन्हा तिच्या आंगावर आल्या असत्या. पोरगीच्या हाताले कापरं सुटलं होतं, बाई. म्हटलं, थोडंसंच उरलं हाये, कळ काढून घेऊ. तिले दिसू नये म्हणून पदर घेतला.”

मुलगी तोंडावर हात दाबून उभी होती. जिचा एकच हात उरला होता, तिनं तो हात माझ्या तोंडापासून एका अनोळखी पोरीला वाचवण्यासाठी जळू दिला होता. आणि मी त्या तोंडाला शिस्त म्हणत होते.

संध्याकाळी हात धुताना ती मुलगी माझ्याशेजारी उभी राहिली. “मॅडम, सिरिंज आधीपासूनच जड लागत होती, औषध नीट पुढे सरकत नव्हतं,” ती नळाकडे बघत म्हणाली. “तुम्हाला हाक मारायची हिंमत नाही झाली.” हा दुसरा घाव. रुग्ण मला घाबरून गप्प, नर्स मला घाबरून गप्प, आणि मधे ते लाल औषध.

इतक्या वर्षांत माझ्या देखरेखीखाली किती जणांच्या कागदावर ‘दुखत नाही’ असं लिहिलं गेलं असेल? त्यातली किती ‘नाही’ खरी होती?

मावशींची कातडी काळी पडली, कित्येक आठवडे मलमपट्टी चालली. जखम भरली, पण पहिलं बोट पुरतं मिटेना. एकदा त्या माझ्यासाठी सांबाराची जुडी घेऊन आल्या. जुडी हातात घेताच सुटली.

“सुनेनं बांधली,” त्या ओशाळून म्हणाल्या. “तिले अजून जमत नाई.”

मी म्हटलं, “मावशी, चूक माझी होती. तुमचा हात माझ्यामुळे गेला.”

“असं कायले म्हणता? तुम्ही तं आमच्या भल्यासाठीच बोलता.”

यापेक्षा त्यांनी एक ठेवून दिली असती तर मला झोप लागली असती.

स्वभावाला औषध नाही म्हणतात. माझा राग काही गेला नाही. आता तो आला की मी व्हरांड्यात जाते आणि पाण्याच्या फिल्टरला झापते. मुली हसतात. हसू देत. पदर, शाल, चादर, काहीही असो, मी ते बाजूला करून स्वतः बघते.

मावशींच्या पुढच्या औषधासाठी डॉक्टरांनी छातीवर कातडीखाली एक लहान डबी बसवली; तिच्यात सुई टोचली की औषध थेट मोठ्या शिरेत जातं. त्या दिवशी दुसरीच नवी मुलगी होती. तिचीही पहिली सुई हुकली. मी जीभ दातांत धरून उभी राहिले. दुसरी बसली. तिनं वाकून विचारलं, “मावशी, दुखते काय?”

मावशींनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरून माझ्या तोंडाकडे पाहिलं, नीट, बराच वेळ.

“खरं सांगू काय, बाई?” त्यांनी मला विचारलं.