मुहूर्तमेढ उपटणारे भाऊजी

आमच्या भाऊजींइतका उपद्रवी शहाणा माणूस नागपूरपासून इटारसीपर्यंत रुळाच्या दोन्ही अंगांना शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला कोणी लग्नाला बोलावू नये. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पांढुर्ण्याला सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होते. आईवडील लवकर गेल्यामुळे अक्काचं घर हेच माझं माहेर, म्हणून हा माणूस मी फार जवळून सोसला आहे. लोक कुणाकडे गेले की आधी पाणी मागतात. हे आधी आढ्याकडे बघत. मग एखाद्या खांबावर बोट रोखून विचारत, "हा एक गेला तं?" अहो, कशाला जाईल? चांगला उभा आहे बिचारा, तुमचं काय खातो? पण नुसतं विचारून थांबतील तर ते भाऊजी कसले! एकदा स्वयंपाकघरातल्या फळीचा टेकू त्यांनी "पाहून राहिलो फक्त" म्हणत काढला आणि वर्षाचं लोणचं बरणीसकट जमिनीवर आलं. अक्का कपाळाला हात लावून बसली, तर हे तिलाच शिकवतात, "पाहा, फळी बांधलेली नव्हती, नुसती ठेवलेली होती." अक्का म्हणाली, "आता तुमचं तोंड बांधते."

हे खूळ लागलं ते नव्या सिमेंटमुळे. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, जिकडेतिकडे बांधकामाची घाई. खांब आणि तुळया जमिनीवरच साच्यात ओतायच्या, वाळल्या की चैनपुलीनं उचलायच्या, खांब उभे करायचे आणि तुळया त्यांच्या डोक्यावर ठेवून द्यायच्या. काम झटपट, ठेकेदार खूश. भाऊजी मात्र जेवताना, चालताना, झोपेतसुद्धा संतापलेले. म्हणायचे, "नुसत्या ठेवून देऊन राहिले! एक खांब गेला तं त्याच्यावरच्या दोन तुळया जातील, त्या बाजूच्याले घेऊन जातील, अन् सारी इमारत आडवी. अरे, टोकाच्या सळया एकमेकीत गुंतवा ना बापा!"

माझं लग्न ठरलं सौसरला. सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, तिथं कापसाचं जिनिंग होतं. लग्न पांढुर्ण्यालाच, अक्काच्या अंगणात. सकाळपासून भाऊजी मांडवाच्या एका खांबाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर दोर आवळत फिरत होते. आम्हाला वाटलं, चला, सुधारला माणूस! वऱ्हाड आलं. मामंजी चार लोकांत सांगू लागले की जिनिंगात सिमेंटच्या खांबांची नवी शेड घालतो आहे, तुळया अशा वजनदार की जागच्या हलायच्या नाहीत. झालं! भाऊजी ताडकन उठले. "वजन म्हणजे काही कुलूप नसते!" असं ओरडून त्यांनी जवळचा खांब दोन्ही हातांनी उपटला. आणि कुठला उपटावा? मुहूर्तमेढ! हळदीकुंकू वाहून, पूजा करून रोवलेली मुहूर्तमेढ! मांडव कुरकुरला, डोक्याशी आला आणि दोरांवर लोंबकळत राहिला. आमचे भाऊजी मेढ खांद्यावर घेऊन विचारतात, "पडला काय? निघायले वेळ भेटला का नाही?"

सासूबाई "माय वं" करून रडायला लागल्या. कुणी अपशकुन म्हणालं, कुणी वेडा म्हणालं. अक्षता कशाबशा पडल्या, पण निघताना मामंजींनी बजावलं, "हा माणूस आमच्या दारात नको, अन् सून याच्या दारात नको." एका मेढीपायी माझं माहेर गेलं. दिवाळी आली की सौसरच्या सुना आपापल्या माहेरी निघत आणि मी मोटारस्टँडवर दुसऱ्यांना पोचवायला जाई. किती राग यायचा मला त्यांचा! तो राग मी अजूनही सोडलेला नाही.

आणि मामंजींची तऱ्हा बघा. शेड बांधायला निघाली तेव्हा याच कानांनी मी ऐकलं, ते ठेकेदाराला सांगत होते, "तुळयांच्या सळया बाहेर सोड, खांबावर एकमेकीत गुंतव, मग वरून सिमेंट ओत. अन् साऱ्या शेडभोवती एक लांब सळई फिरव, करदोड्यासारखी." ठेकेदारानं विचारलं, हे कोणी शिकवलं? "तुले काय करायचं?" म्हणजे अक्कल चालते, अक्कलवाला चालत नाही!

ज्या साली नागपूर आमच्यापासून तुटून मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, त्याच साली कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक मागे येता येता शेडच्या खांबाला धडकला. खांब बुडातून गेला. आत बायका कापूस निवडत होत्या. वरच्या तुळया खाली वाकल्या, सळया ताणल्या, आणि सगळं तिथंच लोंबकळत राहिलं. साऱ्या बायका बाहेर आल्या; एक तर भाकरीचं फडकं घ्यायला परत आत गेली. मामंजी मातीतच बसले. मग उठले, पांढुर्ण्याची मोटार पकडली आणि दुसऱ्या दिवशी भाऊजींना घेऊन आले. आता हे मिरवणार, या तयारीनं आम्ही उभ्या. तर हे शेड बघून मामंजींवरच खेकसले, "अजून टेकू काहून नाही लावला? सळयांचा बांध फक्त वेळ देते. खांबाची जागा नाही घेत तो!" मामंजींनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मला वाटलं, आता माहेर उघडलं. कसलं काय! भाऊजींची नेमणूक मुंबई राज्याच्या वाट्याला गेली होती. आठवड्यात अक्काचं बिऱ्हाड तिकडे दूर मुलखात हललं.

पुढे माझ्या नणंदेच्या लग्नाला मामंजींनी मांडव अडवून धरला. "ते आल्याबिगर मेढ रोवायची नाही." भाऊजी आले. केस पिकलेले. मेढ रोवली, दोन्ही हातांनी माती दाबली, आणि तिला धरून उभेच राहिले. वर बघितलंसुद्धा नाही. मी चिडवलं, "काय भाऊजी, हा एक गेला तं?"

"नको वं शालू," ते म्हणाले. "एकदा काढून पाहिला. मांडव राहिला, तू गेली."

मेल्या माणसानं इतकी वर्षं हे मनात ठेवलं आणि एका शब्दानं बोलला नाही! मी तिथंच, भरल्या मांडवात, त्यांच्याशी कडकडून भांडले. ते मेढ सोडायला तयार नव्हते.