नोरिंग जीपखाली गेली तेव्हा

माझ्या सलूनच्या दारातून समोर एर्नानीचं घर दिसतं. घर म्हणजे खाली राहण्यापुरत्या खोल्या आणि वर नुसत्या सळ्या. आमच्या या सांता बार्बारा गावात सगळ्यांचीच घरं अशी. हातात थोडे पैसे आले की माणूस सिमेंटचे पोकळ ठोकळे आणून दारात रचून ठेवतो, पुढेमागे भिंत होईल म्हणून. तोवर त्यांच्यावर कोंबड्या बसतात, म्हातारे बसतात, कपडे वाळत पडतात. आणि जीप दुरुस्तीला वर उचलली की त्यातलाच एक ठोकळा तिच्या खाली सारतात.

त्या ठोकळ्याचा मला मनापासून राग आहे. आमचे गडी विचारतात, "अख्खं घर उभं राहतं यावर, तिथे जीपची काय कथा?" अरे, भिंतीत त्याला शेजारी असतात, आत सळई असते, सिमेंट असतं. इथे तो एकटा, आणि वर लोखंडाची एकच कड टेकलेली. तो वाकत नाही, कुरकुरत नाही. फुटतो तेव्हा एकदम फुटतो.

नोरिंग ही एर्नानीची बायको. दोघं माझ्याहून थोरली, म्हणून मी तिला मनांग म्हणायचो आणि त्याला मनोंग. मी त्यांचा तोतो, म्हणजे धाकटा. ती अंगाने चांगली भरलेली होती आणि आवाजाने मऊ. आमच्या या इलोइलो प्रांतात भांडणसुद्धा अंगाई म्हटल्यासारखं चालतं, पण नोरिंगची शिवीही आशीर्वादासारखी वाटायची. नारळाच्या पानांत चिकट भात भरून ती ईबोस उकडायची आणि बाजारात नेऊन विकायची. गाडीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

तरी दर रविवारी ठरलेलं. एर्नानी उतारू नेणारी आपली जीप दारात घ्यायचा, जॅकने उचलायचा, ठोकळा सारायचा आणि आता खाली सरकणार, तेवढ्यात ही हात पुसत बाहेर यायची. "थांबा," म्हणायची. जीपच्या कुशीला खांदा लावून अशी काही ढकलायची की आरशाला टांगलेली जपमाळ डुलायला लागायची.

"पडायचंच असेल तर आत्ता पड गं बाई," असं ती जीपला सांगायची. जीप पडली नाही की निमूटपणे चुलीकडे जायची.

याला कारण होतं. शेजारच्या पाविआ गावात एका चालकाच्या जीपखालचा ठोकळा फुटला आणि तो जागच्या जागी गेला. नोरिंग त्याच्या बायकोला भेटायला गेली होती. तिथे मयताला येऊन कॉफी पीत बसलेले पुरुष एकमेकांना समजावत होते, की त्याने जुनी जीप घेतली आणि कोंबडी दिलीच नाही, मग दुसरं काय होणार! आमच्याकडे गाडी घरी आली की पाद्री पवित्र पाणी शिंपडून जातो, आणि तो गेल्यावर आम्ही कोंबडी कापून तिचं रक्त चाकांना लावतो. गाडीची तहान तिथेच भागली की ती घरच्यांच्या जिवावर उठत नाही, असं मानतात. एर्नानीने तर चांगला तगडा कोंबडा दिला होता. वर लेकीचं नाव, जोनालिन, जीपच्या कपाळावर लाल अक्षरांत रंगवलं होतं.

"पोरीचं नाव मिरवते ती, बापाला मारेल का?" तो म्हणायचा.

"रक्त चाकांना लावलंत," नोरिंग म्हणायची. "ठोकळ्याला कुठे लावलंय?"

पण बायकोचं मुकाट ऐकेल तो नवरा कसला! एका रविवारी त्याच्याबरोबरचे चालक दारात गप्पा मारत बसले होते. नोरिंग खांदा लावायला आली तसा त्यातला रोडेल ओरडला, "मनोंग, उठून उभे राहा, साहेबीणबाई तपासणीला आल्या!" सगळे खिदळले. एर्नानीला ते फार झोंबलं. ते गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "नोरिंग, यापुढे जीपला धक्का द्यायचा नाही. बायकोला विचारून गाडीखाली जातो म्हणतात मला."

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी गिअरबॉक्समधून तेल गळत होतं. रोडेल आणि मंडळी पुन्हा हजर. जीप वर झाली, ठोकळा आत गेला, एर्नानी पाठीवर सरकत खाली शिरला. नोरिंग बाहेर आली, पण तिने जीपला बोटही लावलं नाही. तांदळाचं रिकामं पोतं जमिनीवर अंथरलं, त्यावर बसली, मग आडवी झाली आणि कण्हत कुथत नवऱ्याच्या शेजारी सरकली.

"अगं, काय चाललंय?" आतून आवाज आला.

"काही नाही. तुमचं चालू द्या."

"बाहेर हो आधी!"

"का? धक्का द्यायचा नाही म्हणालात, दिला नाही. खाली यायचं नाही असं कुठे म्हणालात?"

रोडेलच्या थट्टेला तर ऊतच आला. "मनांग, जागा आहे का अजून? आम्ही पण येतो, गाणी म्हणू!"

मी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून रस्ता ओलांडला. जीपखालून पायांच्या दोन जोड्या बाहेर आल्या होत्या. नोरिंग नेहमीच्याच आवाजात बोलत होती. "कोंबडा माझ्या परसातला होता. तुम्हाला सांभाळते तशी जीप मलाही सांभाळेल. आणि पडलीच, तर दोघांवर पडू दे. त्या पाविआच्या बाईसारखं कॉफी पाजत बसायला मला जमणार नाही हो."

आत पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"चल, बाहेर निघ," एर्नानी म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"तुम्ही आधी."

"नाही. आधी तू. डोकं सांभाळ, त्या ठोकळ्याला लागू देऊ नकोस. हळू."

ती निघाली, मागून तो. उठला आणि जीपला खांदा लावून जोर लावला. जीप हलली, ठोकळा टिकला. पुन्हा लावला. पुन्हा टिकला.

"बघा!" रोडेल म्हणाला. "उगाच घाबरवलं बाईंनी."

"मग तू जा खाली," एर्नानी म्हणाला. "आणि जाताना बायकोलाही बोलावून घे."

रोडेलने चपलेने माती उकरली आणि विषय बदलला.

त्या दिवशी ते तेल गळतच राहिलं. एर्नानीने जीप खाली उतरवली, आणि त्याच आठवड्यात वेल्डरकडून जाड पाइपच्या, रुंद पायांच्या लोखंडी घोड्या करून घेतल्या. जॅक नुसता उचलायला. भार घोड्यांवर, तोही चॅसीच्या दणकट पट्टीखाली. टेकलेल्या चाकांना पुढून मागून लाकडी पाचरी. आणि एवढं झालं तरी खांदा हवाच, आता दोघांचा. गल्लीतल्या बायकांना मात्र आयतंच हत्यार मिळालं. कुणाचा नवरा ठोकळ्यावरच्या गाडीखाली शिरताना दिसला की त्या दारातून गोड आवाजात विचारतात, "मी पण येऊ का हो?" निम्मे तरी तिथेच उठून बसतात.

केस कापून घेताना एर्नानी एकदा मला म्हणाला, "तोतो, इतकी वर्षं तो ठोकळा माझ्या डोक्याशी असायचा. मला कधी दिसलाच नाही. तिच्या डोक्याशी होता, तेव्हा दिसला."

गेल्या वर्षी तो गेला. छातीचं दुखणं होतं, दुपारी जेवून पडला तो उठला नाही. आमच्या रिवाजाप्रमाणे त्याला घरातच ठेवलं होतं, रात्रीच्या जागरणासाठी अंगणात पत्त्यांचे डाव पडले होते, रोडेल सगळ्यांना कॉफी देत होता. जोनालिन कोपऱ्यात रडत होती. मी नोरिंगजवळ जाऊन बसलो.

"पलंगावर गेला, तोतो," ती म्हणाली. "अंगावर चादरीशिवाय काही नव्हतं."

मग तिने पदराएवढ्या मोठ्या रुमालाने डोळे पुसले आणि मला विचारलं, कॉफी घेतलीस का.