दावा कोणावर?

दूध उकळेपर्यंत ती शेगडीशी उभी राहायची, कारण दुधावर तिचा भरवसा नव्हता. डॉक्टरांनी गोळी दिली की औषधवाल्याला विचारायची, आणि औषधवाल्याने सांगितलं की पुन्हा डॉक्टरांना. पडदे शिवणाऱ्या या बाईला गल्लीत सगळे खात्रीमावशी म्हणत. देवावर मात्र तिने कधी संशय घेतला नाही. सगळा संशय तिने माणसांसाठी राखून ठेवला होता.

शेजारच्या दुकानात फोटोफ्रेमवाल्याच्या हीटरने पेट घेतला आणि मधल्या लाकडी भिंतीतून आग तिच्या दुकानात शिरली. शिलाई मशिनं, गिऱ्हाइकांचे पडदे, सगळ्याचा कोळसा. माणसं वाचली ही देवाची कृपा. दुकानाचा विमा होता. तो उतरवणारा एजंट म्हणजे तिच्या बहिणीचाच मुलगा. तो धावत आला.

"मावशी, लगेच दावा दाखल करू. उशीर केलास तर हात चोळत बसशील."

मावशीच्या लेखी दावा म्हणजे कोर्ट. तिच्या काकांनी सख्ख्या भावावर दावा लावला, तेव्हापासून दोन्ही घरांची तोंडं दोन दिशांना. आता हा पोरगा तिला फ्रेमवाल्याच्या अंगावर घालणार! यात याचं काहीतरी असणारच. दुसऱ्या दिवशी भाचा आला तर दाराला आतून कडी. फोनही उचलेना. शेवटी तो आईला पुढे घालून आला, तेव्हा कुठे दार उघडलं.

"मला नाही शेजाऱ्यावर दावा लावायचा," मावशीने आधीच सांगून टाकलं.

भाच्याने कपाळावर हात मारला. "अगं, शेजाऱ्यावर कुठे? कंपनीकडे भरपाई मागायची, त्यालाच विम्यात दावा म्हणतात."

"मग मागणी म्हणा ना सरळ!"

तिने चष्मा चढवला आणि भाच्याने आणलेला दाव्याचा कागद ओळीखाली बोट धरून वाचला. तळाशी बोट अडलं. 'भरपाई दिल्यानंतर, नुकसानीस जबाबदार त्रयस्थाविरुद्धचे विमाधारकाचे हक्क कंपनीकडे जातील.'

"हे काय?"

"ते नेहमीचंच असतं गं."

"नेहमीचं म्हणजे काय?"

"म्हणजे... कंपनी तुझ्या जागी उभी राहून फ्रेमवाल्याकडून वसूल करू शकते."

"बघ! मी काय म्हणत होते?"

"पण ते खोडलंस तर भरपाई विसर."

मशिनं आली नाहीत तर चूल पेटणार नव्हती. मावशी कागद घेऊन, भाच्याला ओढत फ्रेमवाल्याकडे गेली आणि ते वाक्य तिने त्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

"एकाच भिंतीत दोघांचे खिळे, आणि मी त्रयस्थ?" तो म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "ताई, माझ्याकडून काय वसूल करणार? राख?"

"तुझा विमा आहे की नाही?"

होता. घरी ट्रंकेत पडला होता, कधी न उघडलेला. बायकोने आणून दिला. भाच्याने पानं चाळली. "सुटलात! दुकानामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर यांची कंपनी भरेल. वसुली निघाली तर कंपन्या आपसात बघतील. फक्त यांनी आपल्या कंपनीला ताबडतोब कळवायला हवं."

फ्रेमवाला हसला. मावशी हसली नाही.

"कुठे लिहिलंय? बोट ठेव."

भाच्याने बोट ठेवलं. तिने वाचलं, फ्रेमवाल्याला वाचायला लावलं, पुन्हा स्वतः वाचलं.

"आता लाव फोन तुझ्या कंपनीला. इथेच, माझ्यासमोर," ती फ्रेमवाल्याला म्हणाली.

पलीकडून कोणीतरी बोलू लागलं, तेव्हा तिने आपल्या कागदावर सही करायला पेनाचं टोपण काढलं.