गेमिंगमध्ये नोकरी कुणाकुणाला लागली

किस्से काय, आपण गोळा करत नाही. ते आपोआप साठतात, टीव्हीमागच्या वायरींसारखे. एक ओढायला जावं तर सगळ्याच गुंतून बाहेर येतात. आमच्या ग्रुपचं तर विचारूच नका!

आमचा अड्डा म्हणजे उचगावात बंड्याच्या घराची वरची खोली. खाली त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी. ती चालू झाली की वर टीव्ही थरथरतो आणि कंट्रोलरवर पीठ बसतं. टीव्ही आणि कन्सोल बंड्याचा, खेळणारा मी, आणि फुकटात बघत बसणारा सुन्या. मी म्हणजे प्रशांत, पण पश्या म्हटल्याशिवाय मला कुणी ओळखत नाही. माझ्याएवढा गेम आख्ख्या उचगावात कुणाला येत नाही. हे मी नाही, बंड्या सांगतो.

मला काम करायचं होतं ते गेमिंगमध्येच. पप्पांनी दिवाळीपर्यंत मुदत दिलेली. तोवर काही जमलं नाही तर हातकणंगल्याला मामाच्या पशुखाद्याच्या दुकानात बसायचं, हे ठरलेलं. मी अर्ज करून करून थकलो. आणि नोकरी लागली कुणाला? सुन्याला! आता मी जळू नको तर काय करू? पण आधी सुन्या काय चीज आहे ते ऐका.

* * *

एक ऑनलाइन फुटबॉलचा गेम आलेला, लय भारी. मी आणि बंड्यानं पहिल्याच आठवड्यात घेतला. सुन्या म्हणाला, "घाई कशाला? सेल लागू दे की."

सेल लागला. किंमत निम्म्यावर आली. आम्ही म्हटलं, "आता घे." तर म्हणतो, "अजून उतरंल." दिवाळीचा सेल झाला, उन्हाळ्याचा सेल झाला. किंमत पार चहा-वड्यावर आली तरी हा आपला म्हणतोय, "थांबा रं, अजून उतरंल."

शेवटी कंपनीनं तो गेमच बंद केला. सर्व्हरला कुलूप! आमचे सगळे खेळाडू, सगळे कप, सगळं गेलं. मी आणि बंड्या सुतकात बसल्यासारखे बसलेलो. सुन्या आत आला, स्क्रीन बघितली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला,

"बघ मर्दा, माझं पैसं वाचलं का न्हाय!"

* * *

एकदा जयसिंगपूरच्या एका माणसानं जुनी डिस्क विकायला काढली. स्टोरीवाला गेम, शेवटाला मोठं रहस्य. मला तो कधीपासून खेळायचा होता. पैसे माझे, गाडी माझी, सुन्या फक्त भाव करायला सोबत. ही माझीच अक्कल.

त्या भल्या माणसानं आम्हाला घरात घेतलं, चहा टाकायला सांगितला. सुन्यानं डिस्क उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "पावणं, तुम्ही गेम पुरा केलाय न्हवं?"

"केलाय की! दोनदा केलाय."

"शेवट काय हाय हो?"

मी सुन्याचा पाय दाबला. पण पावणं रंगात आलेले. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. कोण मरतो, कोण फितूर होतो, तो म्हातारा खरा कोण असतो, सगळं हातवारे करून सांगितलं. चहा आला, संपला. सुन्या मन लावून ऐकत होता. सगळं झाल्यावर डिस्क हळूच टेबलावर ठेवून म्हणाला,

"आता सगळं कळलंच की आमास्नी. आता पुऱ्या किमतीला कोण घेणार? निम्म्यात द्या."

आणि दिली हो त्यांनी! येताना सगळ्या वाटेनं सुन्या मला सांगत होता, बघ तुझे किती वाचवले. ती डिस्क मी अजून लावलेली नाही.

* * *

आता नोकरीचं. एका पुण्याच्या कंपनीनं गेमचा पहिला भाग फुकट दिलेला. एक गाव, एक जंगल आणि शेवटाला मोठं लोखंडी गेट. गेटापलीकडं जायचं तर पैसे भरा. सगळं जग गेटापर्यंत खेळायचं आणि एकतर पैसे भरायचं, नाहीतर सोडून द्यायचं. सुन्यानं दोन्ही केलं नाही.

तो गेटावर चढायचा. गेटाला म्हैस ढकलायचा. भिंतीला धडका मारत गावाला फेरी घालायचा. असं आख्खा पावसाळा! मी म्हणायचो, "खुळ्या, भर की पैसे." तर म्हणायचा, "एवढी मोठी भिंत बांधलीय, कुठंतरी फट असणारच. गवंड्याचं काम हाय शेवटी."

एक दिवस फट सापडली. विहिरीमागं. सुन्या त्यात शिरला आणि थेट जमिनीच्या खाली पडला. वर गाव दिसतंय, माणसांचे तळपाय दिसतायत, आणि हा खाली अंधारात. परत वर येता येईना. नवीन सुरू करावा तर गोळा केलेलं सगळं जाणार. मग त्यानं कंपनीला मेल लिहिली. मी स्वतः वाचलीय ती.

"मी सुनील, उचगाव. तुमच्या जमिनीखाली अडकलोय. वर काढा. त्याचे पैसे मागू नका."

कंपनीनं विचारलं, खाली गेलात कसे? ह्यानं सविस्तर कळवलं. शिवाय अजून कुठं कुठं प्रयत्न केले, कुठं म्हैस भिंतीत अडकते, कुठलं झाड पोकळ आहे, हेपण लिहिलं. आठवड्यात फोन आला. असल्या फटी शोधायला टेस्टर म्हणून या, नावाला एक परीक्षा घेऊ, पगार देतो.

ज्यानं आयुष्यात एक गेम विकत घेतला नाही त्याला गेम खेळायचा पगार! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. खोटं कशाला सांगू?

* * *

आमच्याकडं काही झालं की गल्लीत फ्लेक्स लागतो. सुन्याचाही लागला. पार चौकातल्या खांबाएवढा. सुन्या गॉगल लावून, हाताची घडी घालून उभा. वर लिहिलेलं, "गेमिंग क्षेत्रात गरुडझेप घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!"

खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्यात बंड्या, गिरणीवाले काका, दूधवाला आणि कोपऱ्यात मी. फोटो माझ्या मावसबहिणीच्या लग्नातला, तोंडात जिलेबी. वर्गणी पण घेतली माझ्याकडनं.

सकाळी पप्पा मला घेऊन मुद्दाम तिथनं गेले. फ्लेक्सखाली गाडी थांबवली. बराच वेळ वर बघितलं, मग कोपऱ्यात बघितलं आणि शांतपणे म्हणाले,

"खेळतोस तू, न्हवं? मग तू खाली कसा?"

* * *

सुन्यानंच माझ्यासाठी शब्द टाकला. टेस्टरची अजून एक जागा होती. मी गेलो पुण्याला. सुन्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून दारात. मला आत नेलं, मशीनचा चहा दिला आणि कानात म्हणाला, "फुकट हाय, दोन घे." माझ्या पोटात त्या पट्ट्यानंच दुखायला लागलेलं. चहा कुठला उतरतोय?

परीक्षेला गेम दिला. मोटरसायकलवरनं गावभर दुधाचे कॅन पोचवायचे. मी असा काय खेळलो म्हणता! बोळातनं, बाजारातनं, एकदाही पडलो नाही. मागं पोरं गोळा झाली, टाळ्या वाजल्या. वेळेच्या निम्म्यात सगळं दूध घरोघरी.

परीक्षा घेणाऱ्या मॅडम आल्या. "छान. काय काय चुका सापडल्या?"

मी म्हटलं, "एक पण न्हाय मॅडम. एक नंबर गेम हाय!"

त्या म्हणाल्या, "या गाडीचे ब्रेक लागत नाहीत. आम्ही मुद्दाम तसे ठेवलेत. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"मॅडम," मी म्हटलं, "मी ब्रेक मारलाच न्हाय!"

झालं. आलो परत. नंतर कळलं, ह्याच परीक्षेला सुन्या पार्किंगमधनं बाहेरसुद्धा पडला नव्हता. भिंतीला गाडी घासत बसलेला. आणि तो पास!

* * *

दिवाळी तोंडावर आली. मामांनी दुकानात माझ्यासाठी खुर्ची घेतल्याचं कळवलं. तेवढ्यात सुन्याचा फोन. "पश्या, नव्या गेमात एक राखणदार हाय. कोण शेतात शिरलं की वराडतो. कोल्हापुरी आवाज पायजे. रेकॉर्ड करून पाठव, ही शेवटची संधी समज."

मी खोलीचं दार लावलं. आवाज नको म्हणून पंखा बंद केला आणि रजई डोक्यावर घेऊन मोबाइलसमोर ओरडायला लागलो. "कोण हाय रं तिकडं? माघारी फिर!" घामाघूम झालो. शेवटी एकदा मनासारखं जमलं, आणि नेमकी त्याच वेळी बाहेरनं आई कडाडली,

"आरं ए मुडद्या! भर दुपारचं रजईत शिरून कुणावर वराडतोयस? दार उघड, न्हायतर वरवंटा घालीन!"

परत करायची ताकद नव्हती. म्हटलं मागचं कुणाला ऐकू जातंय. तसंच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी आवाजाचं काम बघणाऱ्या सरांचा फोन. "अप्रतिम आवाज! काय ती जरब! आमचा एक मुलगा ऐकताना उठून उभा राहिला." मी हवेत. म्हटलं, "थँक्यू सर." ते म्हणाले, "तुमचा नाही हो. मागचा."

सुन्या माईक घेऊन घरी आला. त्यानं आणलेला संवादांचा कागद आईनं वाचला आणि बाजूला सारला. "आसं कोण बोलतंय व्हय रं सुनील?" आणि मनानंच बोलली. सुन्या म्हणतो, ऑफिसात ते ऐकून दोघांनी हातातले कंट्रोलर खाली ठेवले. आईच्या खात्यात पैसे आले. पप्पांनी गल्लीत पेढे वाटले. आणि मी? सुन्यावर जळून झालेलं, आता स्वतःच्या आईवर जळत बसलो. असली वेळ वैऱ्यावर पण येऊ नये.

परवा आई भाकऱ्या थापत होती, तेवढ्यात त्याच सरांचा फोन आला. पुढच्या गेमचं काम आहे म्हणे. आईनं पिठाच्या हातानंच मोबाइल कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली,

"करीन की सर. पण माझा पोरगा हाय घरात. त्येला ह्येच करायचं हाय, दुसरं काय नको म्हणतोय. दिवाळीनंतर दुकानात घालायलेत त्येला. लय हुशार हाय ह्यात. त्येचं बी बगा की काय तर."

मी दारात उभा. जन्मात तिनं मला ह्यात हुशार म्हटलेलं नव्हतं. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग फोनवर हात ठेवला, माझ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली,

"अनुभव किती वर्साचा हाय, इचारायलेत. दहावीला गणित ऱ्हायलं तुझं, तवापास्नं धरू का?"