ड्रमवाल्या व्हर्नाचा शेवटचा उन्हाळा

व्हर्ना डेलफॉसने सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली, पण एकदाही रस्ता चुकली नाही. मासे मात्र तिला कायम चुकीचेच लागत. ग्रीन बे खाडीच्या आमच्या पाण्यात सगळे येतात स्मॉलमाउथ बास या माशासाठी आणि व्हर्नाच्या गळाला लागतो ड्रम नावाचा मासा. राखाडी, जाडजूड, वर काढला की डुकरासारखा घुरघुरतो आणि खायला कोणी विचारत नाही. आमच्या मासेमारीच्या क्लबात तिला ड्रमवालीच म्हणत.

पाच पाउंडांवरचा बास साक्षीदारासमोर वजनकाट्यावर तोलला की क्लबच्या भिंतीवर नाव लागतं. अकरा वर्षं तिला तेवढंच हवं होतं. आता गुडघ्यांनी दगा दिला होता, आणि सप्टेंबरात ॲरिझोनाला मुलीकडे कायमचं जायचं ठरलं होतं. तिकडे पाणी फक्त नळाला. तेव्हा हा शेवटचाच उन्हाळा.

मी, शेजारचा क्लेटस, साक्षीदार म्हणून बोटीत चढलो आणि लगेच भांडलो.

"तो गांडुळांचा डबा घरी ठेव."

"तळघरात मी स्वतः वाढवलीत ती. लाडाची आहेत."

"म्हणून तर दिसेल तो मासा जेवायला येतो. रबरी झिंगा लाव. वाळूवर नाही, खडकांवर टाक. आणि तळाला टेकू देऊ नकोस, ड्रम तिथेच चरतो."

"चाळीस वर्षं लोकांची गटारं उपसलीस तू, आणि मासे मला शिकवतोस?"

पण तिने ऐकलं. तीन आठवड्यांत एकही ड्रम नाही. बासही नाही. ती दात विचकून म्हणाली, "तुझ्या अकलेने खाडीच ओस पडली रे."

आमच्या बोटींत एक रीत आहे. मासा दिसायच्या आधी त्याचं नाव सांगायचं, चुकलं तर त्याचा मुका घ्यायचा. बास म्हणून व्हर्नाने इतक्या ड्रमचे मुके घेतलेत की तिचा नवरा होता तेव्हा मत्सराने फुगून बसायचा.

मग एका रविवारी गळाची काठी वाकली. मासा जड होता, खालीच दडून ओढत होता.

"ड्रम," ती वैतागून म्हणाली, आणि सुटून जावा म्हणून दोर ढिला सोडला.

पाणी फुटलं. हातभर सोनेरी बास हवेत उभा राहिला, डोकं झटकून परत आदळला.

"व्हर्ना, ओढ!"

"ओढतेय की, तू जाळं धर, टोपी काय धरतोस!"

खरंच मी टोपी धरून उभा होतो. जाळं सापडलं, मासा सापडला, तिची काठी माझ्या चष्म्याला लागली आणि चष्मा पाण्यात गेला. गेला तर गेला. तिच्या हातांत सहा पाउंडांचा बास होता, पाचाच्या वर तर मी डोळे मिटूनही सांगितला असता.

"वजनकाटा काढ, क्लेटस."

"आधी मुका. ड्रम म्हणालीस."

"हो की." आणि तिने इतक्या मनापासून मुका घेतला की बासने शेपटीने तिच्या थोबाडीत दिली आणि तो बोटीबाहेर निघून गेला.

मला रडू आलं. खरंच आलं, सगळा दोष माझाच होता. व्हर्ना मात्र पोट धरून हसत खाली बसली. गुडघ्यांनी ओरडा केला, तरी हसत राहिली.

मग डोळे पुसून तिने खिशातून फोन काढला आणि मुलीला लावला.

"ऐक, माझ्यासाठी ठेवलेली ती खोली कोणाला तरी भाड्याने दे. मी नाही येत."