तारमास्तरांचा अंगठा

माझ्या मावशीच्या यजमानांइतका फुकटचा प्रवास अख्ख्या रेल्वेत कोणी केला नसेल, आणि एवढा प्रवास करून त्यांच्याइतकं कमी कोणी पाहिलंही नसेल. काका कर्जत स्टेशनात तारमास्तर होते. रेल्वेच्या नोकराला वर्षाकाठी पास मिळतो. लोक त्यावर सासर-माहेर करतात, फार तर काशी करतात. काकांचा हिशेब निराळा. पास मिळालाय ना, मग रेल्वेकडून होईल तेवढं अंतर वसूल करायचं. ते जमिनीवर नकाशा पसरत, कर्जतवर वालाचा दाणा ठेवत आणि दोऱ्याने मोजून सगळ्यांत लांबचं स्टेशन शोधून काढत. तिथे बघण्यासारखं काय आहे, ही चौकशी त्यांना गौण वाटे. एकदा ते पार आसामच्या टोकाला गेले, फलाटावरच्या नळावर अंघोळ केली आणि मिळेल त्या गाडीने परत फिरले. मावशीने विचारलं, "काय पाहिलंत?" तर म्हणाले, "पाणी गार होतं." मावशी त्यांच्याबरोबर कधी जात नसे. फलाटच बघायचा तर आपला काय वाईट आहे, असं तिचं म्हणणं.

मी तेव्हा जवळच्या दहिवलीच्या शाळेत शिकवायला लागले होते आणि मावशीकडे रेल्वेच्या चाळीत राहत होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ऐकीव नाही. काकांची बोटं सदानकदा ठोके वाजवत असत. ताटावर, दाराच्या चौकटीवर, एकदा तर पूजा सांगणाऱ्या गुरुजींच्या पाटावर. तारेची सगळी भाषा म्हणजे लांब आणि आखूड ठोके. 'आमटी' आणि 'मीठ' हे दोन शब्द मावशीला ठोक्यांतही कळायचे. तिसरा शिकायला तिने साफ नकार दिला. "तोंड दिलंय देवानं, ते वापरा," म्हणायची. पण तोंड वापरायचं काकांच्या जिवावर येई. घरात चार वाक्यं बोलणारा हा माणूस तारेवर मात्र तासन्‌तास बोलायचा, आणि तेही एकाच माणसाशी.

तो माणूस म्हणजे खंडाळ्याचा तारमास्तर. काका घाटाखाली, तो घाटावर. गाड्या नसल्या की दोघांच्या इंग्रजी अक्षरांतून मराठी गप्पा सुरू. पावसापासून पडवळापर्यंत कुठलाही विषय वर्ज्य नव्हता. त्याचं टेबल खिडकीजवळ होतं, खिडकीतून दरी दिसे, आणि दरीत ढग उतरला की तो काकांना ठोक्यांनी कळवी, "तुमच्याकडे पाठवलाय." वर्षानुवर्षांची ही मैत्री, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. दोघांची ड्युटी एकाच वेळी, म्हणून गप्पा व्हायच्या, आणि त्याच कारणाने भेट व्हायची नाही, असं काका म्हणत. हे आपलं सांगायला. रजा तर मिळायचीच की! पण खंडाळ्यासाठी पास खर्च करायचा? एवढ्याशा अंतराला? काकांना ते मुंगीसाठी बैलगाडी जुंपल्यासारखं वाटे.

लढाई संपली त्या हिवाळ्यात काकांचा दोरा रावळपिंडीवर थांबला. तिथे पोचल्यावर कळलं की काश्मीरला मोटारी जातात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काका रूळ सोडून पुढे गेले. गुलमर्गला गोरे सोल्जर पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत होते. काका धोतर, लोकरी कोट आणि कानटोपी अशा थाटात बघत उभे राहिले. कोणा सोल्जराला गंमत वाटली असावी. त्याने काकांच्या पायांना फळ्या बांधल्या, दोन्ही हातांत काठ्या दिल्या आणि पाठीवर हात ठेवून हलकेच ढकललं. काका खालपर्यंत गेले. तिथे थांबायचं कसं, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. पडले ते उजव्या हातावर. काठीचा पट्टा अंगठ्यात अडकला आणि अंगठा उलटा फिरला.

कर्जतला उतरले तेव्हा अंगठा वांग्यासारखा सुजला होता. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, आतला बंध तुटलाय. आणि बांबूच्या दोन खपच्या लावून घट्ट बांधून टाकला. चाळीतल्या एकाही माणसाचा फळ्यांवर विश्वास बसला नाही. आपल्याकडे बर्फ म्हणजे मुंबईहून भुशात गुंडाळून येते ती लादी. रुळांचे सांधे बदलणारा आमचा सांधेवाला खालापूरकडचा. तो तर काळजीनेच विचारायला आला, "मास्तर, लादीव कशापायी चढला वो तुमी? म्या रोज उतरवतो, येकदा पन पाय घसरला नाय." काकांनी त्याला डोंगरभर बर्फ असतो असं सांगून पाहिलं. तो मावशीला बाजूला घेऊन म्हणाला, "ताप हाय का बघा." खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की गाडीच्या दारात बोट सापडलं असणार आणि काका लाजेखातर बर्फ सांगताहेत.

निऱ्या काढणं, घड्याळाला चावी देणं, भात कालवणं, सगळंच अडलं. त्याचं काकांना काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तारयंत्राचं बटण अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरतात. प्रत्येकाचा ठोका वेगळा पडतो, अगदी चालीसारखा, आणि तार ऐकणारा त्यावरून माणूस ओळखतो. काका डाव्या हाताने काम करू लागले, ते सरकारी कामापुरतं ठीक होतं. पण खंडाळ्याने विचारलं, "आपण कोण?" काकांनी सांगितलं, मीच तो, हात दुखावलाय. वरून उत्तर आलं, "असं कोणीही म्हणेल." अनोळखी माणसाशी तारेवर अवांतर बोलू नये, असा लढाईतला हुकूम होता. लढाई संपली तरी तो मागे घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं, आणि हा गृहस्थ हुकमाचा पक्का. जोडीच्या तारबाबूनेही ग्वाही देऊन पाहिली. खंडाळा म्हणाला, "तुमचं खरं असेल, पण हात त्यांचा नाही."

काका घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मार्चअखेर खंडाळ्याचा मित्र निवृत्त होऊन आपल्या गावी जायचा होता. "म्हणजे मी त्याला निरोपसुद्धा परक्यासारखा द्यायचा," ते म्हणाले. मावशी म्हणाली, "अहो, गाडीत बसा आणि भेटून या." तर म्हणाले, "तोंडावरून तो मला कसा ओळखणार?"

खपच्या सुटल्या तेव्हा अंगठा काठीसारखा ताठ होता. चिमूट धरायची सवय करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. वालाचा हंगाम होता. मावशीने भिजवून मोड आणलेल्या वालाचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. बिरड्याचा वाल अंगठा आणि बोटात दाबला की सालीतून सुळकन बाहेर येतो. नेमकी तीच चिमूट. पहिल्या दिवशी काकांचे दाणे चिरडले तरी नाहीतर उडून देव्हाऱ्यात तरी गेले. पण माणूस हटला नाही. घरचे वाल संपले की शेजारचे आणत. सांधेवाला गावाहून वाल आणून टाकी आणि वर म्हणे, "सोला मास्तर, पन आता लादीकडं जाऊ नका." चाळीत सगळ्यांकडे बिरडं, रोज बिरडं. शेवटी शाळेतल्या मुलीही माझ्या डब्याकडे बघून हसायला लागल्या. काका मात्र दाणे सोलतानाही लांब-आखूड, लांब-आखूड असे सोलत होते.

मित्राच्या शेवटच्या ड्युटीच्या दुपारी मी काकांचा डबा घेऊन स्टेशनात गेले. त्यांनी डब्याकडे पाहिलंही नाही. धोतराला हात पुसला, बटण चिमटीत धरलं आणि ठोके दिले. मला कळत नव्हतं तरी लांब ठोक्याच्या शेवटी काहीतरी अडखळतंय हे ऐकू येत होतं. काकांनाही येत असणार, कारण ते घामाघूम झाले होते. मग यंत्र वाजू लागलं, आणि काकांनी डोळे मिटले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतो, लंगडताय. पडलात काय?"

मग काकांनी सगळं सांगितलं. मधे मालगाडी आली, तिचं काम उरकलं आणि पुन्हा सांगितलं. फळ्या, काठ्या, सोल्जर, सगळं. तिकडून एकच छोटा प्रश्न आला. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "विचारतोय, घसरताना कसं वाटलं?"

आम्ही इतके दिवस त्यांना खोटं ठरवत होतो. हे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. काकांनी काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. ते खूप वेळ ठोकत होते.

पुढच्या वर्षी पास आला. रावळपिंडी पाठोपाठ फाळणीत परक्या मुलखात गेली, तो भाग निराळा, पण काकांनी नकाशाही पसरला नाही आणि दोराही काढला नाही. खंडाळ्याचा पास घेतला. सकाळी गेले आणि जेवायच्या वेळेला परत आले. मावशी पानं वाढत होती. तिने सवयीने विचारलं, "काय पाहिलंत?"

काका पाटावर बसले, भात कालवला आणि म्हणाले, "टेबल खिडकीजवळच आहे. तो सांगायचा तसंच."