पाचशे डॉलरची ओळ

माझा चुलतभाऊ अमेरिकेतून येतो तेव्हा लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानात उभा राहून पाटीवरचा भाव मोठ्याने डॉलरने भागतो. "म्हणजे अडीच डॉलर! अरे, फुकटच की!" हे सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणतो, आणि बाहेर येऊन करवंदं विकणाऱ्या म्हातारीशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. मी लोणावळ्यात मास्तर आहे, गणित शिकवतो. एका भागाकारावर अख्खं आयुष्य मिरवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आमचं गाव पवनानगरच्या अलीकडे. वीस वर्षांपूर्वी भैरोबाच्या देवळापुढे सभामंडप बांधला तेव्हा त्याने पाचशे डॉलर पाठवले. डॉलर तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास होता, त्यामुळे गावाच्या हातात साडेबावीस हजार पडले. माझ्या आईने पंचवीस हजार दिले. गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये फुलं तोडून दोन वर्षं साठवलेले. मला शाळेत नोकरी लागावी म्हणून ती नवस बोलली होती, आणि नोकरी लागली होती. देणगीदारांच्या फरशीवर मोठी रक्कम वर, लहान खाली, अशी नावं कोरतात. आई पहिली आली, तो दुसरा. आईला वाचता येत नाही. तिच्या लेखी पहिली ओळ म्हणजे ती. दर रविवारी दर्शन झालं की त्या ओळीवरून हात फिरवायची आणि मगच पायऱ्या उतरायची. रेशनकार्ड सोडलं तर तिचं नाव जगात तेवढ्या एकाच जागी लिहिलेलं होतं.

गेल्या वर्षी मंडप वाढवायला घेतला, जुनी फरशी काढताना फुटली आणि नवा ग्रॅनाइट बसवायचं ठरलं. अक्षर बरं म्हणून यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. ही बातमी साता समुद्रापार कशी पोचली कोण जाणे, पण चुलतभावाचा देवळाच्या कमिटीच्या अध्यक्षांना फोन आला. त्याचं म्हणणं, त्याने रुपये नव्हे, डॉलर दिले होते. तेव्हा त्याची रक्कम आजच्या भावाने कोरावी. डॉलर त्या आठवड्यात शहाऐंशी होता. म्हणजे त्रेचाळीस हजार, म्हणजे पहिली ओळ. ते डॉलर सिमेंट होऊन वीस वर्षांपूर्वीच मंडपात गेले होते, तरी याचे आपले वाढतच होते! इतका निर्लज्ज हिशेब मांडायला शिक्षण लागतं.

आमचे अध्यक्ष धरणाच्या काठाला तंबू भाड्याने देतात, शनिवारी एका भावाने आणि मंगळवारी दुसऱ्या. त्यांना हे तत्काळ पटलं.

"डालर त्यो डालर, मास्तर," ते मला म्हणाले. "मावशीनं रुपयं दिलं. रुपया हितंच ऱ्हातो. आन त्यो कमान देनार हाय गावाला."

कमान देणार, म्हणजे तो तसं म्हणाला होता. बाकीचे सभासद नंदीबैलासारखे माना डोलवत होते. डॉलर वर का जातो आणि रुपया खाली का येतो हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. अमेरिका म्हटलं की या लोकांचे गुडघे आपोआप वाकतात.

मी घरी येऊन मोबाईलवर जुने भाव काढले. मंडपाच्या त्या महिन्यातला डॉलर सापडला, आणि मी त्याचंच गणित त्याच्यावर उलटवलं. आईच्या पंचवीस हजारांचे त्या वेळी पाचशे पंचावन्न डॉलर झाले असते. आजच्या भावाने सत्तेचाळीस हजार सातशे. जुना भाव धरा नाहीतर नवा, आई वरच होती. शिवाय ती तोडायची ते गुलाब विमानाने परदेशी जायचे आणि मालकाला डॉलरच मिळायचे. रुपये तेवढे तिच्या वाट्याला यायचे. मी हे सगळं एका कागदावर ठळक अक्षरात लिहून खिशात घातलं. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मला एकेकाचं पडलेलं तोंड बघायचं होतं.

बैठकीत अध्यक्षांनी त्यालाच व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्यापुढे धरला.

"दादा, पोरीची खोली तयार आहे बरं का," चुलतभाऊ म्हणाला. "बेसमेंट सगळं रंगवून घेतलंय. तू अजिबात काळजी करू नको."

माझी मुलगी ऑगस्टमध्ये तिकडे शिकायला जाणार होती आणि पहिलं वर्ष त्याच्याकडे राहणार होती. तिथल्या खोलीच्या भाड्याला मीही घरी बसून शहाऐंशीने गुणून पाहिलं होतं. ते माझ्या पगारात बसत नव्हतं. माझा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"मंग मास्तर, वर कुनाला घ्यायचं?" अध्यक्षांनी विचारलं.

मी लिहिलं. त्याचं संपूर्ण नाव, पदवी, अमेरिकेतलं गाव, त्रेचाळीस हजार. त्याखाली आई, पंचवीस हजार. कमिटीला मी लाचार म्हणत होतो. ते निदान गावासाठी लाचार झाले होते. माझी मलाच किळस आली, पण अक्षर मात्र नेहमीसारखं वळणदार आलं.

ग्रॅनाइट बसला त्यानंतरच्या रविवारी मी आईबरोबर देवळात गेलो. वाटेत सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण शेपूट घातली. तिने दर्शन घेतलं, नव्या दगडापाशी आली आणि पहिल्या ओळीच्या सुरुवातीला हात ठेवला.

"हितंच हाय न्हवं मी?"

"व्हय," मी म्हणालो.

तिचा हात सवयीने पुढे सरकला. तिच्या नावाला जेवढी जागा लागायची तेवढी संपली, तरी बोटांखाली अक्षरं होतीच. हात पदवीवरून गेला, अमेरिकेवरून गेला. मग ती माझ्याकडे वळली.

"माजं नाव येवडं लांब कवा झालं रं?"